मधली पानं

माझ्या भावाला सगळे ऑपरेटर म्हणतात. तो निवृत्त होऊन जमाना झाला. ज्या यंत्रावर बसायचा ते भंगारात गेलं आणि ते यंत्र ज्या इमारतीत होतं तिथे आता कपड्यांचं दुकान आहे, पण नाव काही सुटलं नाही. कोपऱ्यावरचा औषधवालासुद्धा "ऑपरेटरच्या गोळ्या" असंच म्हणून पुडी पुढे करतो. मी त्याला दादा म्हणते. तो मला चिमणी म्हणतो. कारण माझा आवाज बारीक, शिट्टीसारखा. लहानपणी त्याचं कौतुक होतं, म्हातारपणी तोच आवाज आम्हाला नडला.

दादा जन्मापासून आंधळा. दृष्टिहीन वगैरे शब्द कॉलेजची मुलं वापरतात. त्याला ते आवडत नाहीत. "मी आंधळा आहे, त्यात लपवण्यासारखं काय?" म्हणतो. ठिपक्यांची लिपी शिकला आणि एका मोठ्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर लागला. फोन आला की कोण हवंय ते विचारायचं, जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. बाजूला व्हायच्या आधी थोडं चोरून ऐकायचा, हे त्याने कचेरीत कधी कबूल केलं नाही, पण घरी जेवताना सगळं सांगायचा. साहेबांच्या बायकोने फोनवर भांडण काढलं, साहेब गप्प झाले, आणि नेमकी दुसरी घंटी वाजली. "चिमणे, तुला काय वाटतं, मिटलं असेल का?" मी म्हणायची, "मला काय ठाऊक? त्यांची वायर माझ्या स्वयंपाकघरातून जाते का?" मग तो स्वतःच काहीतरी शेवट लावून द्यायचा आणि हात धुवायला उठायचा.

लग्न त्याने केलं नाही. माझा नवरा गेल्यावर मी लेकीला घेऊन त्याच्याकडे आले ती कायमचीच. दोन खोल्या, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, दिवसभर ठोकाठोकी. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आणि आम्ही दोघं उरलो. मी बोलायचं आणि त्याने ऐकायचं, अशी कामाची वाटणी होती. मला बोलायला लागतं. गप्प बसले की माझं डोकं दुखतं.

मग साखरेच्या दुखण्याने त्याच्या बोटांची जाणीव गेली. पुस्तकावर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "कुणीतरी सगळे ठिपके पुसलेत बहुतेक." तेव्हापासून मी त्याला वाचनालयाच्या मागच्या खोलीत नेऊ लागले. तिथे आंधळ्या माणसांना पुस्तकं वाचून दाखवतात. वाचणारी सगळी कॉलेजची पोरं. दारावर पाटी आहे, 'सेवेतून शिक्षण'. म्हणजे पोरांनी ठरलेले तास इथे येऊन वाचायचं, मग आपण काय शिकलो त्यावर निबंध लिहायचा, वर्गात उभं राहून सांगायचं, आणि त्याचे मार्क मिळतात. त्यात वाईट काही नाही. पण माझा भाऊ हा कुणाचा तरी धडा आहे, हे मला पहिल्या दिवसापासून बोचलं.

आणि त्या धड्याची गंमत अशी की तो कधी पुरा व्हायचाच नाही. प्रत्येक पोराने आपलं नवीन पुस्तक निवडायचं, पहिल्या पानापासून सुरू करायचं. सत्र संपलं, परीक्षा आली की पोर गायब, पुस्तक अर्धं. पुढच्या सत्राला दुसरं पोर, दुसरं पुस्तक. मी तिथल्या मॅडमना विचारलंसुद्धा, "अहो, आधीच्याने टाकलेलं हा का पुढे नेत नाही?" त्या गोड हसल्या. "काकू, प्रत्येकाला स्वतःचा उपक्रम हवा ना. दुसऱ्याचं अर्धं काम केलं तर मार्क कसे देणार?" मॅडम चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू, पण त्या वेळी मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं.

दादाला किती कादंबऱ्यांची सुरुवात पाठ होती म्हणून सांगू! "चिमणे, माझ्याकडे सगळ्यांची लग्नं ठरलेली आहेत, संसार कुणाचाच झालेला नाही," असं म्हणून हसायचा. पहिल्या-पहिल्यांदा मी ती पुस्तकं घरी आणून पुढचं वाचून दाखवलं. पण तोवर त्याचे कान उतरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, या आजारात बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटपर्यंत टिकतात. म्हणजे सगळ्यात आधी मी गेले. पाखरं, दाराची घंटी आणि बहीण, सगळं एका वर्षात. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यात पातेलं आणि माणूस एकाच आवाजात वाजायला लागलं. रेकॉर्ड केलेली पुस्तकं आणली, त्यातल्या बाईचा आवाज माझ्यासारखाच. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले की एखाददुसरा शब्द पोचायचा, बास.

मग एक कान पूर्णच गेला. दुसराही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा लेक येऊन राहिली होती. स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "आई, मग तू माझ्याकडेच चल. मामासाठी एखादी चांगली संस्था बघू. ज्याला काहीच ऐकू येणार नाही त्याच्याशी दिवसभर काय बोलणार तू? वेड लागेल तुला." मी म्हटलं, "हळू बोल." पण लेकीचा आवाज बापावर गेलाय, चांगला जाड. बाहेरच्या खोलीत दादाला माझं 'हळू बोल' ऐकू आलं नाही, तिचं मात्र अक्षरन्‌अक्षर ऐकू आलं. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं मला.

चहा पिऊन झाल्यावर कप माझ्या हातात देत एवढंच म्हणाला, "चिमणे, कान जायच्या आत मला एक पुस्तक पुरं ऐकायचंय. अख्खं. मध्ये न तुटता."

त्या सत्राला जी मुलगी आली तिने दार उघडून "नमस्कार आजोबा" म्हटलं आणि दादाने खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवली. तिचा आवाज घोगरा, जाड, विहिरीतून आल्यासारखा. बिचारी त्या आवाजाची लाज वाटून खांदे पाडून चालायची. फोनवर लोक तिला भाऊ समजतात, घरी चुलतभाऊ चिडवतात, असं तिने पुढे सांगितलं. दादा म्हणाला, "अगं, हा आवाज भिजलेल्या तारेवरूनसुद्धा लख्ख पोचला असता! कचेरीत तुझ्यासारखी माणसं फोनवर आली की मी मुद्दाम लाईन चालू ठेवायचो." त्याने तिचं नाव ट्रंककॉल ठेवलं. ट्रंककॉल म्हणजे पूर्वीचा परगावचा फोन, हे तिला ठाऊक नव्हतं, पण नाव आवडलं. कुणीतरी तिच्या आवाजाला पहिल्यांदाच चांगलं म्हणत होतं.

दादाने तिला आपली अडचण सरळ सांगितली. कान जातोय, त्याआधी एक पुस्तक शेवटपर्यंत हवंय, जमेल का? "जमेल आजोबा, नक्की," ती म्हणाली. मी म्हटलं, "बारीकसंच घ्या पुस्तक." माझं त्याला ऐकूच गेलं नाही. तो तिला म्हणाला, "जाड घे. एकदाच जेवायचं तर पोटभर जेवू."

तिने खरंच जाडजूड कादंबरी काढली. एका नदीवर होडी चालवणाऱ्या दोन भावांचं घर, आणि त्याच नदीवर पूल बांधायचं काम सुरू होतं. पूल झाला की होडी बंद. धाकटा भाऊ पुलाच्या कामावर जातो, थोरला त्याच्याशी बोलणं टाकतो. आणि त्यांच्या घरात एक विधवा आत्या, सगळ्यांचा स्वयंपाक करणारी. वाचताना आत फक्त वाचणारा आणि ऐकणारा बसायचा असा तिथला नियम. मी काचेच्या दाराबाहेर बाकावर विणकाम घेऊन बसायची. आतून घुमल्यासारखा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. पण घरी जाताना दादा मला दिवसाचा भाग सांगायचा. "ती आत्या म्हणजे हुबेहूब तू. तोंडाला कुलूप नाही. पातेल्याशी बोलते, वल्ह्याशी बोलते, मांजराला रागावते. लिहिणाऱ्याने आपल्या घरात येऊन पाहिलंय की काय?" मी त्याच्या दंडाला चिमटा काढायची. त्या दिवसांत तो मनापासून खूश होता, आणि मला तेवढं पुरत होतं.

पण कान काही वाट बघत नव्हता. आधी ती एकदा वाचायची ते वाक्य आता दोनदा वाचावं लागायचं. मग प्रत्येक वाक्य दोनदा. काचेतून मला दिसायचं, ती पुढे वाकून त्याच्या कानाशी तोंड नेऊन वाचतेय, मानेच्या शिरा फुगल्यात, मध्येच थांबून पाणी पितेय. पुस्तकातली खूण पुढे सरकायची म्हणजे गोगलगाय बरी. आणि सत्र संपत आलं होतं.

एक दिवस तिने पुस्तक उघडलं आणि मी बाहेरून पाहिलं, तर डावीकडे पानांचा ढीग आणि उजवीकडे बोटभरसुद्धा पानं नाहीत. आदल्या वेळी खूण मध्यावर होती. मी डोळे चोळले. वाचून झाल्यावर ती पाण्याच्या नळाशी आली तेव्हा मी तिला गाठलं.

"पोरी, मधली पानं कुठे गेली?"

तिचा चेहरा पडला. "काकू, सगळं पुरं होणारच नाही. मी हिशेब करून पाहिला. खोली सोडून मला गावी जायचंय, तिथे काम लागलंय. आणि आजोबांना आता फारच कमी... निदान शेवट तरी ऐकू दे ना त्यांना."

"हा काय सिनेमा आहे, उशीर झाला म्हणून मधूनच आत घुसायला?"

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा," ती म्हणाली आणि त्या जाड आवाजात रडायला लागली. जाड आवाजात रडणारं माणूस फार केविलवाणं दिसतं. "सांगू का त्यांना की मी गाळलं म्हणून?"

मी काचेतून आत बघितलं. दादा उरलेला कान दाराकडे करून, हात टेबलावर ठेवून बसला होता, ती परत येईल म्हणून. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "जा. शेवट वाच."

शेवटच्या दिवशी शेवटचं वाक्य त्याने तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग टेबलावर थाप मारून म्हणाला, "झालं बुवा एकदाचं!" मॅडमनी त्या दोघांचा पुस्तकासकट फोटो काढला. मुलीने त्याच्या पाया पडायला वाकून माझ्याकडे चोरून पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं. पुन्हा ती आम्हाला दिसली नाही.

रस्त्यात दादा सांगत होता. पूल सुरू झाला, होडीची शेवटची फेरी निघाली, दोघे भाऊ एकाच होडीत बसले, अख्खं गाव काठावर. सांगता सांगता थांबला. "पण आत्या कुठे होती गं? मी विचारलं ट्रंककॉलला. म्हणाली, ती घरी थांबली, स्वयंपाक होता. होडीची शेवटची फेरी आणि आत्या घरी? ती तर सगळ्यात पुढे बसून वल्हेवाल्याला शिकवत असती." मी त्याचा दंड धरून त्याला खड्ड्यावरून पुढे नेलं. बोलले असते तरी त्याला कळलं नसतं.

थोड्याच दिवसांत एका सकाळी तो अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, "आज सायकलवाला आला नाही वाटतं. किती शांत आहे." खाली हातोडा ठणठणत होता. मी त्याच्या शेजारी उभी राहून त्याला हाका मारत होते. थोड्या वेळाने त्याचं त्यालाच उमगलं. त्याने दोन्ही हातांनी कान चाचपले, चष्मा हरवलेला माणूस नाकावर हात फिरवतो तसे. मग म्हणाला, "बरं." आणि परत आडवा झाला.

तेव्हापासून आमचं बोलणं स्पर्शाचं. खांद्यावर थाप म्हणजे जेवण, कोपर धरलं की बाहेर जायचंय. तळहातावर अक्षर काढून उपयोग नाही, साधी अक्षरं त्याने आयुष्यात कधी पाहिलीच नाहीत आणि बोटांना ठिपके लागत नाहीत. हो की नाही एवढं विचारायचं असेल तर तो माझ्या डोक्यावर हात ठेवतो आणि मी मान हलवते, उभी म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. एवढाच काय तो आमचा शब्दकोश. दिवसभर मी बडबड करते आणि ती भिंतीवर आपटून माझ्याकडेच परत येते. लेकीचा फोन आला की तिला म्हणते, सगळं ठीक आहे. ती म्हणते, खोली रिकामी करून ठेवलीय, कधी येतेस? आणि खरं सांगू, एखादे दिवशी दुपारी मला वाटायचं, जावं. उठावं आणि जावं.

आत्याचं काय झालं ते मला राहवेना. वाचनालयातून ती कादंबरी आणली आणि गाळलेली पानं वाचायला बसले. वाचता वाचता भाजी करपली. पुस्तकातलं सगळं बळ त्याच पानांत होतं. लोक पुलाच्या कच्च्या फळ्यांवरूनच ये-जा करू लागले, होडीची कमाई गेली, थोरला भाऊ दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसू लागला, धाकटा घरी यायचा तो फक्त झोपायला. आत्या बोलायची, कुणी उत्तर द्यायचं नाही. हाक मारायची, कुणी वळून बघायचं नाही. एक दिवस दुपारी तिने चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं, झाकण घातलं, कपड्यांचं गाठोडं घेतलं आणि अर्ध्या बांधलेल्या पुलाच्या फळ्यांवरून चालत पलीकडे निघून गेली. जेवायची वेळ होईपर्यंत ती गेल्याचं घरात कुणाला कळलंसुद्धा नाही. पुढे पुस्तकभर ती परत येत नाही.

हे त्याला सांगायचं कसं? मी घसा बसवून जाड आवाज काढायचा प्रयत्न केला. त्याच्या कानशिलाला गाल लावून बोलले. तो समजुतीने म्हणाला, "चिमणे, तुझा श्वास लागतोय, शब्द नाही." मी वाचनालयात मॅडमकडे गेले. का गेले कुणास ठाऊक. ती मुलगी आली असती तरी आता कुठल्या कानात वाचणार होती? मॅडम म्हणाल्या तिचा उपक्रम त्या सत्रात सगळ्यात चांगला ठरला, पहिल्यांदाच एक पुस्तक पूर्ण झालं, कॉलेजच्या भिंतीवर फोटो लावलाय. "आणि काकू, या सत्रात मुलं ज्येष्ठांना मोबाईल शिकवणार आहेत, आजोबांना आणाल का?" मी नमस्कार करून बाहेर आले.

अलीकडे संध्याकाळी दादा स्वतःच ती कादंबरी सांगतो. मला समोर बसवतो आणि पहिल्या पानापासून सुरू करतो. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने कधी कुजबुजतो, कधी एवढ्या मोठ्याने बोलतो की खाली सायकलवाला हातोडा थांबवून वर बघतो. रोज थोडं थोडं. मी आता ऐकणारी, तो बोलणारा. कामाची वाटणी उलटली. मधेमधे मी बोललेलं त्याला कळत नाही, म्हणून मला मुकाट्याने ऐकावं लागतं. त्याची मला सवय नाही, पण ऐकते.

काल तो मध्यापाशी आला. ट्रंककॉलने वाचलं होतं तिथपर्यंत नीट सांगितलं आणि थांबला. मला वाटलं, आता उडी मारून शेवटच्या होडीत जाऊन बसेल. पण तो म्हणाला, "इथे पानं गाळली तिने. कळलं मला. पान उलटताना हवा लागायची गालाला, त्या दिवशी केवढा वारा आला. पोरीने माझ्यासाठी केलं, म्हणून बोललो नाही." मग म्हणाला, "मी विचार करून ठेवलंय. आत्या घर सोडून गेली. तिचं कुणी ऐकेना म्हणून. दुसरं काही होऊच शकत नाही. तू पुस्तक आणून वाचलंस ना? करपल्याचा वास आला होता मला." आणि त्याने हात पुढे करून माझं डोकं शोधलं, वर ठेवला. "गेली ना?"

त्याच्याशी खोटं बोलायची मला कधी सवय नव्हती. मी मान हलवली. हो.

"बरोबर केलं तिने," दादा म्हणाला. आवाज साधा, कचेरीत फोन जोडून देताना असायचा तसा. "दिवसभर दगडाशी कोण बोलणार? चिमणे, तूही जा. लेकीकडे जा. माझ्यासाठी ती संस्था बघा, मला चालेल."

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

"अगं, आत्ताच तर हो म्हणालीस," तो म्हणाला. हात डोक्यावर तसाच होता. मी ओरडून सांगत होते की ते हो पुस्तकातलं होतं, आत्याचं होतं, माझं नव्हतं. खाली सायकलवाल्याचा हातोडा थांबला. दादाने मात्र मान तिरकी करून थोडा वेळ वाट बघितली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "रडू नकोस. कधी निघायचं तेवढं सांग."